एकाच घरात दोघांना तोच दुर्मीळ रोग!

कल्पना करा. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावी एका गृहस्थांना लिम्फोमा, म्हणजे लसीका संस्थेतील पेशींचा कर्करोग झाला. २ वर्षांनी त्यांच्या पत्नीलाही तोच झाला. लगेच कुजबुज सुरू होते, "हा रोग लागतो, त्या घरचे पाणी पिऊ नका." हे खरे मानावे काय? थोडे गणित करून पाहू.

दोन फासे टाकले असता दोन्हींवर सहा येण्याची संभाव्यता १/६ × १/६, म्हणजे १/३६ असते. आता उदाहरणापुरते समजा, की हा रोग आयुष्यात १,००० माणसांपैकी एकाला होतो. मग पती-पत्नी दोघांनाही तो होण्याची संभाव्यता १/१,००० × १/१,०००, म्हणजे १० लाखांत एक. जिल्ह्यात २ लाख जोडपी धरली, तर असे जोडपे बहुधा आढळणार नाही. पण साऱ्या महाराष्ट्रात २ कोटी जोडपी धरली, तर सुमारे २० जोडपी निव्वळ योगायोगाने निघतील! ज्या गावात ते घर असेल, त्या गावाला मात्र तो योगायोग वाटत नाही.

परंतु हा गुणाकार केव्हा चालतो? दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. पती-पत्नींचे रक्ताचे नाते सहसा नसते. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर गोष्ट निराळी. मात्र त्यांची चूल आणि पाणी एकच असते. ऑस्ट्रेलियात १९८२ साली मार्शल व वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू वेगळा करून वाढवला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जीवाणू एका घरातील माणसांत पसरू शकतो. त्याने जठराला वर्षानुवर्षे सूज राहिली, तर क्वचित तेथे एक दुर्मीळ लिम्फोमा उद्भवतो. तो वेळीच ओळखला, तर पुष्कळदा प्रतिजैविकांनीच ओसरतो.

येथे पसरतो तो जीवाणू, कर्करोग नव्हे. एकाच्या शरीरातील कर्कपेशी शिवण्याने किंवा एका ताटात जेवण्याने दुसऱ्यात रुजत नाहीत.

मग योगायोग कोणता आणि समान कारण कोणते, हे कसे ओळखावे? एका घरावरून ते ठरत नाही. पुष्कळ नोंदी लागतात. बार्शी येथे ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी १९८७ साली सुरू झाली, ती याचसाठी मोलाची.

तेव्हा अशा घरी जरूर जा, आणि दिलेले पाणी निःशंकपणे प्या.