दखनीतला मराठी ‘च’

हैदराबादच्या दखनी बोलीत ‘नक्को’ सर्रास ऐकू येतो. मला मात्र त्याहून ‘च’ महत्त्वाचा वाटतो. शब्द बाजारातूनही उचलता येतो. पण ‘मीच’, ‘तोच’ यांसारखे ‘मैंइच’, ‘वोइच’ रुजायला दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदाव्या लागतात. तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस आणली. मराठी मुलखात आलेल्या उत्तरेच्या बोलीला हा शेजार तेथून लाभला.

राज्यकर्त्यांची भाषाच प्रजेत झिरपते, असे आपण मानतो. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने क्रीट बेटावर १६६९पर्यंत सुमारे साडेचार शतके राज्य केले. तेथे स्थायिक झालेल्या व्हेनिशियन घराण्यांचे वंशज ग्रीक बोलू-लिहू लागले. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. ते माध्यम पुढे बदलले, ‘च’ मात्र बोलीत टिकला.

म्हणून हैदराबादेतील मराठीचा शोध केवळ शिरगणतीवर थांबू नये, असे मला वाटते. मात्र दखनीत मुरलेला ‘च’ आपल्या मुलांना मराठी वाचायला शिकवणार नाही; ते काम आपल्यालाच करावे लागेल.