गाणं कोणाच्या नावावर आहे?

स्वतः लिहायचं, स्वतः चाल बांधायची, स्वतःच गायचं आणि हेच काम आयुष्यभर करायचं, असं मुलानं किंवा मुलीनं जाहीर केलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "मग खाणार काय?" प्रश्न रास्त आहे, मुलांनी त्यावर रुसू नये. मात्र उत्तर शोधताना पालक बहुधा प्रसिद्धीचा अंदाज बांधत बसतात. आवाज तेवढा चांगला आहे का, टीव्हीवर दिसेल का, व्ह्यूज किती मिळतील. या क्षेत्रात टिकलेल्या माणसाची मिळकत म्हणजे त्याच्या नावावरची, पूर्ण झालेली गाणी. म्हणून मुलाला विचारायचं ते एवढंच : आजवर किती गाणी पुरी केलीस, आणि ती कोणाच्या नावावर आहेत?

याच कारणानं रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनला मी या करिअरची पायरी मानत नाही. तिथे गळ्याची परीक्षा होते आणि ती अवघड असते, पण गायलं जातं ते दुसऱ्याचं गाणं. यूट्यूबवर कव्हर टाकलं तरी जाहिरातीचे पैसे अनेकदा मूळ हक्कदाराकडेच वळतात. सराव म्हणून, ओळख व्हावी म्हणून कव्हर जरूर गावीत. त्यावर चरितार्थाची भिस्त ठेवू नये.

आपल्याकडे हे काम नवं नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हजारो गाणी लिहून गावोगाव गात फिरले. शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे नाव गुंफत, त्यामुळे गाणं कोणाच्याही तोंडी गेलं तरी कर्ता कळायचा. नाव टिकलं, पण नावामागून पैसा येण्याची व्यवस्था तेव्हा त्यांच्यासारख्या गायक-कवींपर्यंत पोचली नव्हती. पुढे २००३मध्ये सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं. स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली आणि स्वतःचाच आवाज ऐकायला मराठी माणूस तिकीट काढून नाट्यगृहात येतो, हे या कार्यक्रमानं वर्षानुवर्षं सिद्ध केलं. मराठीत लिहिलं तर बाजार लहान, असं म्हणणाऱ्यांनी २०२४चं 'तांबडी चामडी'ही आठवावं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ते मराठी गाणं एका डच लेबलनं जगभर पोचवलं.

आता पैशांचं. स्पॉटिफायसारख्या सेवा दर प्ले मागे ठरलेली रक्कम देत नाहीत. जमलेल्या उत्पन्नातला एक भाग ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटला जातो. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे पुष्कळ, त्यामुळे वाटाही बारीक. शिवाय २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेलं गाणं स्पॉटिफायच्या वाटपात धरलंच जात नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. सुरुवातीची काही वर्षं यातून वीजबिल भागलं तरी पुष्कळ. पैसा येतो तो कार्यक्रमांतून, जिंगल आणि शीर्षकगीतांतून, एखाद्या वेब सिरीजनं तयार गाणं घेतलं तर त्यातून, शिकवण्यांतून. कामाचं स्वरूपही बदलत जातं. अंकुर तिवारी स्वतंत्र गायक-गीतकार म्हणून उभा राहिला आणि पुढे 'गली बॉय'चा (२०१९) म्युझिक सुपरवायझर झाला. स्वतःची गाणी लिहिताना जो कान तयार होतो, तोच त्या कामाला उपयोगी पडतो.

पालकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते करारावर. अठरा वर्षांखालील मुलानं केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून लेबल किंवा मॅनेजर सही मागतात ती तुमची. मुलाचं पहिलं गाणं वाजू लागलं की आनंदाच्या भरात आलेला कागद न वाचता सही होते, आणि तिथेच पुढच्या दहा-वीस वर्षांचं नुकसान ठरून जातं. हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या देशांसाठी देताय, ते आधी पाहा. आपल्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तयार मसुद्यांत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द हमखास सापडतात. त्यांवर बोट ठेवून बदल मागायला लाजू नका. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना मोठं बळ दिलं आहे : गाण्याचे हक्क दिले तरी त्याच्या पुढच्या वापरावरचा रॉयल्टीचा समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढाच वापर त्यातून वगळला आहे. ही रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटण्याचं काम मुंबईतली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते, ती १९६९पासून आहे. पण सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. आणि मित्रांसोबत गाणं केलं असेल तर शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणाचा आणि वाटा किती, हे त्याच रात्री एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. गाणं चालल्यावर हा विषय काढला की मैत्री तुटते.

शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पदवी सोडू नये. प्रतीक कुहाडनं न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकून मग गाण्याचा रस्ता धरला. त्याच्या 'कोल्ड/मेस'ला बराक ओबामांनी २०१९च्या आवडत्या गाण्यांत घेतलं. शाखा कोणतीही चालेल. वाणिज्य किंवा कायदा घेतला तर हिशेब आणि करार स्वतःला वाचता येतात. सोबत सुरातालाचा पाया हवाच, मग तो गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतून येवो किंवा चांगल्या गुरूकडून. साथीला एक वाद्य हवं, पेटी किंवा गिटार. संगीताचीच पदवी हवी असेल तर पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि ध्वनीची तांत्रिक बाजू खुणावत असेल तर एफटीआयआय. महागडा स्टुडिओ लागत नाही. घरात कॉम्प्युटर असेल तर ऑडिओ इंटरफेस, माइक आणि हेडफोन पंचवीस-तीस हजारांत येतात. तोवर फोनवर रेकॉर्ड केलेला कच्चा मुखडाही चालतो. तारखेसह जपून ठेवा, उद्या वाद झाला तर तोच पुरावा. कॉपीराइट गाणं तयार झाल्यापासूनच असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.

आणि वाचन. गाणी लिहिणाऱ्या मुलानं कविता वाचायलाच हव्यात. मराठीत ओवी, लावणी, गझल, पोवाडा एवढे काव्यप्रकार हाताशी असताना इंग्रजी गाण्याच्या मीटरमध्ये मराठी शब्द कोंबलेले ऐकले की मला मनापासून वाईट वाटतं.

पदवी हाती आली की आईवडिलांनी आणि मुलानं एकत्र बसून वही उघडावी. पुरी झालेली गाणी किती, अनोळखी लोकांसमोर पैसे घेऊन केलेले कार्यक्रम किती, नोंदवलेली गाणी किती. आकडे वाढते असतील तर आणखी दोन वर्षं घराचा आधार द्यावा, महिन्याची रक्कम ठरवून. तसे नसतील तर नोकरी धरून शनिवार-रविवार लिहीत राहावं. त्यानं हक्कांत काही फरक पडत नाही : गीताचा आणि चालीचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, कर्त्याच्या मागे ही ६० वर्षं तो वारसांकडे असतो. गाण्यांची यादी आणि करारांच्या प्रती म्हणूनच घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवाव्यात.