एका गंधाराचा फरक

माळशिरस

चि. बाळास,


बोटं हुळहुळली म्हणून गिटार विकायची भाषा करतोस, असं ताई म्हणाली. विकू नकोस. काही आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात, सगळ्यांचीच होतात. फार दुखलं की थांब. पण रोज थोडा वेळ बस. रविवारी एकदम दोन तास बसून हात वळत नाही.

आधी ई मायनर ही कॉर्ड धर. सगळ्यात जाड तार सहावी. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या पडद्याच्या अलीकडे, त्याला जवळजवळ चिकटून. बोटं उभी ठेव, नखं कापलेली हवीत. मग एकेक तार छेडून ऐक. एखादी दबकी वाजली, तर बहुतेक वेळा शेजारचं बोट तिला टेकलेलं असतं. जोर वाढवू नकोस, बोट उभं कर. जास्त दाबलं तर सूर चढतो.

आता तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी टेकव. ही ई मेजर. उचल, पुन्हा मायनर. टेकव, उचल, आणि कान देऊन ऐक. पेटीवर पांढरी तीनला सा धर. बोट टेकलेलं असताना ती तार शुद्ध गंधार देते, उचललं की कोमल. षड्ज आणि पंचम जागचे हलत नाहीत, तरी सगळा भाव पालटतो. मी आधी पेटी शिकलो, गिटार नंतर, आणि मला मेजर-मायनर कळलं ते इथंच. तू लहानपणी भजनात बसायचास, तुझा कान तयार आहे. त्याच्यावर विसंब.

पुढचं सोपं आहे. ई मेजरची तिन्ही बोटं बारीक तारांकडे एकेक तार सरकवलीस की ए मायनर. त्यातली फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी ठेवलीस की सी. या दोन्हींत सहावी तार छेडायची नाही. केरव्याच्या एका आवर्तनाला एक कॉर्ड, पुढच्या समेवर दुसरी. लय इतकी संथ ठेव की बोटांना पोचायला वेळ मिळेल. एखादी तार दबली तरी उजवा हात थांबवू नकोस. माझ्या मते थांबणं हा जास्त मोठा दोष.

एफ कॉर्डच्या नादी आत्ता लागू नकोस. आणि पहिल्या पडद्यापाशीच तारा फार उंच वाटत असतील, तर दुकानात नेऊन खाली करून घे. त्यात तुझ्या बोटांचा दोष नाही.

आषाढात ज्ञानोबांची पालखी इथं मुक्कामाला येईल, तेव्हा गिटार घेऊन ये. आमच्या भजनाची पट्टी काळी एक आहे. कॅपो पहिल्या पडद्यावर लाव, सी धर आणि माझ्या पेटीशेजारी बस.

तुझा
मामा