घराची पुंजी भाड्याच्या मिळकतीत घालण्यापूर्वी

पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून आम्ही पतिपत्नींनी स्वतःच्या घरासाठी जी पुंजी साठविली, ती मनाजोग्या वस्तीतील घरास अपुरी पडते असे दिसताच आप्तेष्टांनी एकमुखाने सल्ला दिला की, शहराच्या सीमेवर एक लहान सदनिका घ्यावी, ती भाड्याने द्यावी, भाड्यातून कर्ज फिटू द्यावे आणि यथावकाश ती विकून हवे ते घर घ्यावे. आम्ही तसेच केले. आज त्याच विचारात असलेल्या कुटुंबांना त्या व्यवहाराचे अंतरंग सांगणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हिशेब पाहावा. सदनिकेची किंमत 60 लाख धरली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वये त्यावर 80 टक्के, म्हणजे 48 लाखांपर्यंत कर्ज मिळते. उरलेले 12 लाख, पुण्यातील 7 टक्के दराने 4 लाख 20 हजारांचे मुद्रांकशुल्क आणि नोंदणीचे 30 हजार ही सर्व रक्कम पुंजीतून द्यावी लागते. त्यांपैकी साडेचार लाख सरकारजमा होतात व विक्रीच्या वेळी ते कोणी परत करीत नाही. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता 43 हजारांवर जातो. भाडे मात्र 18 हजारांच्या आसपास येते. ही तफावत दरमहा वेतनातून भरावयाची, आणि स्वतः राहतो त्या जागेचे भाडे वेगळेच. शिवाय भाडेकरू बदलताना घर काही काळ रिकामे राहते, दलाली व रंगकाम येते, संस्थेची वर्गणी चालूच राहते, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा आकार सहकारी संस्था घेऊ शकते.

हे सारे सोसता येते. परंतु आम्हांस ज्याची झळ खऱ्या अर्थाने लागली ती गोष्ट निराळी होती. आम्हांला हवे तसे घर विक्रीस निघाले तेव्हा बँकेने पहिल्या कर्जाचा हप्ता आमच्या मिळकतीतून वजा करून उरलेल्या रकमेवर नवे कर्ज बेतले, आणि ते निम्म्यासही पुरेना. जुनी सदनिका विकून रक्कम उभी करावी, तर ग्राहक मिळणे, त्याचे कर्ज मंजूर होणे, आमच्या बँकेचा बोजा उतरणे यांत इतका काळ गेला की ते घर दुसऱ्याच्या नावे झाले. पुंजी बुडाली नव्हती. हव्या त्या क्षणी ती हाती नव्हती, एवढेच. पण घरासाठी साठविलेल्या पैशाचे सारे मोल त्या क्षणीच असते, असे माझे ठाम मत आहे.

याहून गंभीर, आणि सल्लागारांच्या ध्यानीही नसलेली, बाब पात्रतेची आहे. देशात कोठेही पक्के घर नावावर असलेल्या कुटुंबास प्रधानमंत्री आवास योजनेचा लाभ मिळत नाही. म्हाडाच्या सोडतीतही त्याच महापालिकेच्या हद्दीत घर असणाऱ्याचा अर्ज अपात्र ठरतो. मध्यम व अल्प उत्पन्नाच्या माणसाने ही दारे बंद करण्यापूर्वी शांतपणे विचार करावा.

भाडेकरू जागा बळकावील, या भयाला मात्र मी फारसे महत्त्व देत नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली वाड्यांचे भाडे गोठले, ती स्मृती अद्याप घराघरांत आहे. पण 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने लिव्ह ॲण्ड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून कब्जा मिळविण्याची तरतूद केली आहे. अट एकच: करारनामा अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करावी. ती जबाबदारी मालकाची असून, नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

स्वतःचे छप्पर आधीच असलेल्या, कर्ज अल्प किंवा मुळीच नसलेल्या माणसाने अशी मिळकत अवश्य घ्यावी, आणि तीही भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतच. ज्यांचे घर अजून व्हावयाचे आहे त्यांनी ती रक्कम मुदतठेवीत ठेवावी आणि तफावतीचे ते 25 हजार दरमहा तिच्यात भरीत जावे.