दूरचिकित्सा आणि शहरातील मूल

वैद्य एका ठिकाणी व रोगी दुसऱ्या ठिकाणी असताना दूरसंचाराच्या साधनांनी जो उपचार केला जातो, त्यास दूरचिकित्सा म्हणतात. ती केवळ दुर्गम खेड्यांसाठी आहे, असा समज रूढ आहे. परंतु शहरातही रुग्णालयाचे अंतर निव्वळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

जबलपूरच्या छावणी भागातील सदरचे उदाहरण घेऊ. शहरातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथून काही किलोमीटरवरच आहे. तथापि, रोजंदारीवर राबणाऱ्या आईने आजारी मुलाला तेथे नेणे म्हणजे दिवसाची मजुरी गमावणे होय. केंद्र शासनाने एप्रिल २०२० मध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू केली व घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळण्याची सोय झाली, ती वस्तुतः अशा आईच्या उपयोगाची. मात्र त्यासाठी स्मार्टफोन व इंटरनेट लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, मध्य प्रदेशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा मोबाइल होता. देशाच्या शहरी भागातही इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ५२ टक्केच होत्या. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर गेला, की मुलाचा दवाखानाही त्याच्याबरोबर जातो. कारण मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अज्ञान बालकास प्रौढ व्यक्तीच्या सोबतीनेच असा सल्ला घेता येतो.

साध्या फोनवर बोलून हे काम भागत नाही काय? न्यूमोनियाचा विचार केल्यास उत्तर मिळते. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असल्यास ते धोक्याचे लक्षण मानतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, हेही तसेच. ही लक्षणे डोळ्यांनी पाहावयाची असतात. चित्र दिसत नसेल, तर वैद्याला आईच्या शब्दांवरच विसंबावे लागते. मूल दूध घेईनासे झाले, त्याला झटके आले किंवा ते बेशुद्ध पडले, तर मात्र फोनची वाट न पाहता रुग्णालयच गाठले पाहिजे.

यावरील उपाय अवघड नाही. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याने रोग्याला तेथूनच दूरच्या तज्ज्ञाशी जोडून देण्याची व्यवस्था ई-संजीवनीत २०१९ पासून आहे. येथे आईजवळ फोन असण्याची गरज नसते. मुलाचे श्वास मोजणारा प्रशिक्षित हात समोर असतो. अशी केंद्रे वस्तीजवळ आणि मजुरीच्या वेळेनंतरही उघडी असतील, तरच दूरचिकित्सा सर्वांची होईल. अन्यथा ज्यांना रुग्णालय आधीच जवळ होते, त्यांनाच ती आणखी जवळ आणील.