मधली फळी : केंद्रप्रमुख, केंद्रशाळा आणि वर्गातील अध्यापन

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावे असे नमूद आहे. या आठशे तासांपैकी किती तास दुसऱ्या एखाद्या जाणत्या शिक्षकाने वर्गात बसून पाहिले, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारून पाहावा. पुष्कळ ठिकाणी उत्तर एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. काही ठिकाणी बोटेही लागणार नाहीत.

गवंड्याने बांधलेली भिंत दुसरा गवंडी येताजाता पाहतो व ओळंबा चुकला असल्यास तिथल्या तिथे सांगतो. शिक्षकाचे काम मात्र चार भिंतींच्या आत चालते, आणि ते पाहणारी माणसे सात-आठ वर्षांची असतात. रत्नागिरी जिल्ह्यात हे एकटेपण अधिकच जाणवते. येथील गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. डोंगरउतारावर, खाडीच्या काठी, कातळाच्या पलीकडे विखुरलेल्या वाड्या मिळून गाव होते, आणि वाडीतील शाळेत एक किंवा दोन शिक्षक असतात. आषाढात पऱ्याला पाणी आले व साकव बुडाला की शेजारच्या शाळेतील सहकारीही आठवडाभर भेटत नाही. अशा शिक्षकास अध्यापनात अडचण आली तर ती बोलावी कोणापाशी?

पूर्वी शाळेत ‘दिपोटी’ येत. त्यांच्या येण्याची वर्दी आधीच लागे. शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले कपडे घालून येण्यास सांगितले जाई, आणि हुशार मुले पुढच्या रांगेत बसत. तपासणी होई, शेरा पडे व साहेब पुढच्या गावी जात. या पद्धतीने शाळा वेळेवर उघडत राहिल्या, हजेरीपट नीट राहिले, आणि हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्या मुलास वाचता येत नव्हते त्यास ते का येत नाही, याचा शोध तपासणीच्या त्या अर्ध्या दिवसात लागणे शक्य नव्हते. आणि शिक्षकही आपली अडचण ज्याच्या शेऱ्यावर आपली नोकरी अवलंबून आहे त्याच्यापुढे कशास मांडील?

तपासणारा अधिकारी वर आणि शिकविणारा शिक्षक खाली, या दोहोंच्या मध्ये एक फळी असावी हा विचार कोठारी आयोगाने स्पष्ट शब्दांत मांडला. १९६४ साली नेमलेल्या या आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल सादर केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील. खेड्यातील शिक्षणाचा त्यांचा अनुभव प्रत्यक्ष होता, व एकशिक्षकी शाळेवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले होते. आयोगाने शाळासमूहाची योजना सुचविली. एका उच्च प्राथमिक शाळेभोवती आसपासच्या आठ-दहा लहान प्राथमिक शाळा जोडाव्यात, मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाने लहान शाळांना अध्यापनात साहाय्य करावे, साधने एकमेकांनी वापरावीत, आणि शिक्षकांनी एकत्र बसून पाठांचा विचार करावा, अशी ती कल्पना होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हाच शाळासमूह पुन्हा पुढे आणला. मधल्या चोपन्न वर्षांत कल्पना जुनी झाली नाही, याचे एक कारण असे की ती बहुतेक ठिकाणी नीट वापरलीच गेली नाही.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पुढे १९९४ साली साधारणतः दहा-बारा शाळांचे एक केंद्र करून त्यावर केंद्रप्रमुख नेमण्याचा निर्णय शासनाने घेतला. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात याच केंद्रास समूह साधन केंद्र हे नाव जोडले गेले. केंद्रप्रमुख हा मूळचा शिक्षकच. फळा, खडू आणि दोन वर्ग एकत्र सांभाळण्याची ओढाताण त्याने अनुभवलेली असते. विस्तार अधिकाऱ्यास जे अंतरावरून दिसते ते त्याने हाताळलेले असते. अध्यापन सुधारण्यासाठी याहून योग्य माणूस शोधूनही सापडला नसता.

प्रत्यक्षात काय झाले ते शिक्षकांस सांगावयास नको. वरून मागविलेली माहिती खालून गोळा करणे आणि ती ‘आजच, तातडीने’ पंचायत समितीकडे पोचविणे हेच केंद्रप्रमुखाचे मुख्य काम होऊन बसले. पोषण आहाराचा हिशेब, गणवेशाची मागणी, शिष्यवृत्तीच्या याद्या, सर्वेक्षणे यांतून दिवस सरतो. शेजारचे पद रिक्त राहिले की त्या केंद्राचाही कार्यभार त्याच्याच खांद्यावर येतो. शाळेस भेट होते ती कार्यालयातल्या खुर्चीची. वर्गातील मागच्या बाकापर्यंत जाणे होत नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. कालपर्यंत ज्यांना सारे ‘गुरुजी’ म्हणत ते केंद्रप्रमुख होताच ‘साहेब’ होतात. या एका शब्दाने बरीच कवाडे बंद होतात.

मधल्या फळीने अध्यापनात लक्ष घातल्यास उपयोग होतो काय, याविषयी इतर देशांतही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाचा मागोवा घेतला. प्रशिक्षणात ऐकलेली व पाहिलेलीही पद्धत शिक्षक आपल्या वर्गात फारच क्वचित आणतात. वर्गात येऊन कोणी सोबत केली तरच ती रुजते, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यूझीलंडमधील व्हिव्हियन रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली शालेय नेतृत्वावरील संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. शाळेचा प्रमुख शिक्षकांच्या शिकण्याची केवळ व्यवस्था करीत नाही, तर स्वतः त्या शिकण्यात सहभागी होतो, तेव्हा मुलांच्या प्रगतीवर सर्वांत अधिक परिणाम दिसतो, असे त्यांना आढळले. जपानातील प्राथमिक शिक्षक तर फार पूर्वीपासून एकत्र बसून एक पाठ तयार करतात, एकजण तो शिकवितो व बाकीचे मुलांकडे पाहत राहतात. शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वर्गभेट कशी व्हावी, हे एका नमुन्यावरून पाहू गेल्यास अधिक स्पष्ट होईल.

वाडीवरील द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत दुसरी व तिसरी एकत्र बसलेली. बाई तिसरीस हातच्याची वजाबाकी शिकवीत आहेत. फळ्यावर उदाहरण आहे, ५२ वजा २७. “दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक हातचा घ्यायचा,” हा नियम मुले एका सुरात म्हणतात. दुसरीची मुले पाटीवर शुद्धलेखन उतरवीत आहेत. केंद्रप्रमुख मागे मुलांच्या शेजारी बसतात. जवळच्या मुलीने उत्तर लिहिले आहे ३५. बाई येऊन चूक दाखवितात आणि नियम पुन्हा म्हणून घेतात. पुढचे उदाहरण ६१ वजा ३८. मुलगी लिहिते ३७.

येथे तपासनीस असता तर ‘वजाबाकी कच्ची, सराव घ्यावा’ असा शेरा लिहून मोकळा झाला असता. केंद्रप्रमुख मुलीस हळूच विचारतात, “हे कसं केलंस गं?” ती न अडखळता सांगते, “आठातून एक गेला सात, सहातून तीन गेले तीन.” म्हणजे ती निष्काळजी नाही. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, वर कोणता व खाली कोणता हे न पाहता. बेरजेत वरचा अंक आधी घेतला काय व खालचा आधी घेतला काय, उत्तर तेच येते. तोच अनुभव तिने वजाबाकीस लावला. हातच्याचा नियम तिला पाठ आहे, पण तो वापरण्याची वेळ तिच्या लेखी येतच नाही. अशा मुलीकडून आणखी वीस उदाहरणे सोडवून घेतल्यास वीस उत्तरे चुकतील आणि चुकीची सवय तेवढी पक्की होईल.

मधल्या सुटीत केंद्रप्रमुख बाईंशी बोलतात. पहिला प्रश्न त्यांचाच असतो, “बाई, पाठात काय साधलं असं तुम्हाला वाटतं?” बाई सांगतात की नियम सर्वांना येतो, तरी चार-पाच मुले चुकतातच. मग केंद्रप्रमुख त्या मुलीने दिलेले स्पष्टीकरण जसेच्या तसे सांगतात. फळ्यावरील अक्षर, वर्गाची मांडणी, दुसरीचे शुद्धलेखन यांविषयी बोलण्यासारखे असले तरी ते त्या दिवशी बोलत नाहीत. एका भेटीत एकच गोष्ट पुरे. दोघे मिळून दुसऱ्या दिवशीचा पाठ ठरवितात. माडाच्या झावळीचे हीर कोकणात कोठेही मिळतात. त्यांचे बोटभर तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या सुताने बांधावयाच्या. पाच जुड्या व दोन सुटे तुकडे मुलीपुढे ठेवून त्यांतून सत्तावीस काढून दे म्हणावयाचे. दोन सुट्यांतून सात निघत नाहीत हे तिच्या हातालाच कळते. जुडी सोडावी लागते. बारा सुट्यांतून सात गेले की पाच उरतात, चार जुड्यांतून दोन गेल्या की दोन. प्रत्येक कृतीबरोबर वहीत एक ओळ लिहावयाची. शेवटी ताळा म्हणून तिचे जुने उत्तर ३५ आणि २७ यांची बेरीज तिच्याचकडून करून घ्यावयाची. ती ६२ येते, ५२ नव्हे.

पुढच्या भेटीत केंद्रप्रमुख स्वतः पाठ घेतात व बाई मागे बसून कोणते मूल काय करते ते टिपतात. ही अदलाबदल सर्वांत महत्त्वाची होय. साहेबांचाही पाठ फसू शकतो हे वर्गात दिसले की संकोच ओसरतो. या भेटींची नोंद शेरेबुकात करू नये. तिच्यासाठी वेगळी साधी वही असावी व ती शिक्षकाजवळच राहावी.

यास वेळ कोठून आणावा, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. तेव्हा हिशेबच मांडावा. केंद्रात बारा शाळा व चोवीस शिक्षक धरले, आठवड्यातील दोन दिवस वर्गभेटीस राखून दररोज दोन पाठ पाहिले, तर आठवड्यास चार शिक्षक होतात व सहा आठवड्यांत केंद्राची एक फेरी पूर्ण होते. पावसाळा, परीक्षा व निवडणुका वगळूनही वर्षात प्रत्येक शिक्षकाच्या वाट्यास चार फेऱ्या येऊ शकतात. मात्र हे दोन दिवस कोणत्याही तक्त्यासाठी मोडले जाणार नाहीत, याची हमी पंचायत समितीने दिली पाहिजे. ती हमी नसताना केंद्रप्रमुखास दोष देण्यात अर्थ नाही.

एकट्या केंद्रप्रमुखावर सारा भार टाकणेही योग्य नव्हे. मधली फळी ही एका पदाची नसते. केंद्रशाळेचा मुख्याध्यापक, गणितात हात असलेला पदवीधर शिक्षक, पहिलीच्या मुलांस चार महिन्यांत वाचते करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ बाई, हे सारे त्या फळीतच मोडतात. अशांच्या वर्गात शेजारच्या शाळेतील नव्या शिक्षकाने दिवसभर बसावे, अशी सोय केंद्रप्रमुखाने करून द्यावी. द्विशिक्षकी शाळेत त्या दिवशी मुले वाऱ्यावर पडू नयेत म्हणून त्याचा वर्ग स्वतः घ्यावा. मात्र चांगले शिकविणारा प्रत्येकजण दुसऱ्यास शिकवू शकेलच असे नाही. मुलास समजावणे आणि बरोबरीच्या सहकाऱ्यास त्याचा मान राखून सुचविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. १ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने केंद्रप्रमुखांची निम्मी पदे पदोन्नतीने व निम्मी मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले. सेवाज्येष्ठता व परीक्षेतील गुण या दोन्ही गोष्टी आवश्यक असतील; परंतु दुसऱ्याचा पाठ शांतपणे पाहून त्यावर दोन उपयोगी वाक्ये बोलता येतात काय, हे दोहोंपैकी एकीनेही कळत नाही. तेव्हा निवडीनंतर पहिले वर्षभर नव्या केंद्रप्रमुखाने अनुभवी केंद्रप्रमुखासोबत वर्गभेटी कराव्यात हे बरे.

केंद्रावर भरणारी मासिक शिक्षण परिषद ही या कामाची दुसरी बाजू. पूर्वीची गटसंमेलने असोत की आताची परिषद, परिपत्रकांच्या वाचनात सकाळ आणि सूचना उतरवून घेण्यात दुपार जाते, ही तक्रार जुनी आहे. परिपत्रके दूरध्वनीवरही वाचता येतात. बारा शाळांचे शिक्षक ऊन-पाऊस सोसून, कोणी खाडी उतरून, कोणी दोन एसट्या बदलून येतात ते एकमेकांस भेटण्यासाठी. तेव्हा परिषदेपूर्वी एक विषय ठरवावा. वजाबाकी हाच विषय असल्यास त्या मुलीची वही, नावावर कागद चिकटवून, सर्वांसमोर ठेवावी व प्रत्येकास विचारावे, ३५ हे उत्तर कसे आले असेल? चोवीस शिक्षकांकडून निदान चार-पाच तर्क निघतील. ते फळ्यावर लिहावेत. मग प्रत्येकाने आपल्या शाळेत जाऊन ५२ वजा २७ व ६१ वजा ३८ ही दोनच उदाहरणे तिसरी-चौथीस द्यावीत, ३५ व ३७ लिहिणारी मुले किती निघतात ते मोजावे, त्यांपैकी एकास तरी ‘हे कसे केलेस’ असे विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि तो कागद पुढील महिन्याच्या परिषदेस बरोबर आणावा.