‘चांदोबा’ का थांबला? : एका अनुवादित बालमासिकाच्या समाप्तीची मीमांसा

मद्रास येथे जुलै १९४७ मध्ये बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळ भाषांत ‘चंदामामा’ हे बालमासिक सुरू केले. १९५२ पासून त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघू लागली. मराठी मुलांच्या किमान दोन पिढ्यांचे कथावाचन या सचित्र मासिकावर पोसले गेले. २०१३ च्या सुमारास ते बंद पडले. दूरचित्रवाणीमुळे मुलांचे वाचन आटले आणि म्हणून ‘चांदोबा’ संपला, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मासिकाच्या रूपबंधाचा विचार करू. ‘चांदोबा’चा कणा होता विक्रम-वेताळाची कथामाला. ‘वेताळपंचविशी’ एकोणिसाव्या शतकातच मराठीत मुद्रित झाली होती; तथापि मूळ कथाचक्र पंचविसाव्या कथेपाशी थांबते, कारण तेथे राजापाशी उत्तर उरत नाही. ‘चांदोबा’ने नेमका हा थांबा काढून टाकला. दर महिन्याला राजा उत्तर देई, मौनभंग होई आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळू लागे. चौकट जुनी, कथा मात्र नव्या. शंकर यांच्या चित्रांनी या चौकटीला कायमचा चेहरा दिला. असा रूपबंध आतून संपण्याचे कारण नव्हते. त्याचा शेवट बाहेरूनच संभवत होता.

आता कालक्रम पाहू. दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ ही मालिका १९८५ मध्ये दाखविली गेली. त्यानंतरही मासिक तेरा वर्षे चालले. १९९८ मध्ये ते प्रथम खंडित झाले, ते कामगारविषयक तंट्यामुळे. १९९९ च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या संगणकप्रणाली क्षेत्रातील कंपनीने ते विकत घेतले. जुने अंक महाजालावर उपलब्ध करून देण्यात आले. म्हणजे या कथाभांडाराचे मोल नव्या मालकाला कळत होते. परंतु ही कंपनी स्वतःच कर्जफेडीत अपयशी ठरली आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला. तत्पूर्वीच मासिकाचे प्रकाशन थांबले होते. वाचकसंख्या घटली नसेल असे नव्हे. परंतु दोन्ही वेळा निर्णायक घाव बसला तो मालकी आणि व्यवस्थापन यांच्या बाजूने, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

येथे मराठीच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न उपस्थित होतो. हा घाव पडत असताना मराठी आवृत्ती वेगळी उभी का राहू शकली नाही? याचे उत्तर निर्मितिपद्धतीत आहे. मजकूर मुख्यतः तेलुगूत सिद्ध होई, इतर भाषांत अनुवादित होई आणि चित्रे सर्व आवृत्त्यांना समान असत. कोडवटिगंटि कुटुंबराव यांच्यासारख्या समर्थ तेलुगू लेखकाने १९५२ ते १९८० या काळात संपादनाची धुरा वाहिली. या केंद्रीकरणामुळे अल्प किमतीत उत्तम चित्रे व सुघड कथा मराठी मुलांपर्यंत पोहोचल्या, हा त्याचा लाभ. मात्र मराठी आवृत्तीचे कथाधन, चित्रे आणि हक्क यांपैकी काहीही मराठी संस्थेच्या हाती नव्हते, ही त्याची दुसरी बाजू. मूळ झाड कोसळताच फांदीही कोसळली.

‘किशोर’शी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने सुरू केलेल्या या मासिकाने त्याच दूरचित्रवाणीच्या, त्याच भ्रमणध्वनीच्या काळात २०२१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण केली. त्याच्यामागे शासकीय संस्थेचे पाठबळ होते, हे खरेच. परंतु म्हणूनच टिकण्याचा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून आश्रयाचाही असतो, हे त्यावरून सिद्ध होते.

सारांश, नियतकालिकाच्या मृत्यूचा दोष वाचकाच्या माथी मारण्यापूर्वी वाङ्मयेतिहासकाराने मालकी, हक्क आणि अनुवादव्यवस्था यांची चौकशी केली पाहिजे. ‘चांदोबा’ मराठी मुलांचा होता. मराठीच्या मालकीचा मात्र तो कधीच नव्हता.